कारखान्याचा टेलिफोन आणि बाहेर ठेवलेली किल्ली





या पत्रिकेत माझा लेख म्हटला की बेणेमळा, लागणीच्या तारखा, हुमणी नाहीतर खोडव्याची निगा, एवढेच आपण धरून चालता. या वेळी मात्र टेलिफोनविषयी लिहीत आहे. शेतकी खात्याच्या माणसाला टेलिफोनशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो.

गेल्या दिवाळीत कारखान्याच्या टेलिफोनवरून परदेशी फोन झाले आणि दोन लाखांवर बिल आले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर आहे. वार्षिक सभेत त्यावर प्रश्नही आला. उत्तर दिले गेले, पण सभेच्या गडबडीत ते सर्वांपर्यंत नीट पोचले नाही. सभा सुटल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला मंडपाबाहेर गाठले आणि विचारले, "साहेब, फोन कारखान्यात, ऑफिसला कुलूप, गेटवर वॉचमन. मग चोर शिरला कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. चोर कारखान्यात शिरलाच नाही. तो कुठल्या देशात बसला होता हेही सांगता येत नाही. आपली लाईन वापरायला त्याला आत यावे लागले नाही, कारण बाहेरून लाईन वापरण्याची सोय आपणच करून ठेवली होती. आणि ती सोय आमच्या शेतकी खात्याने मागून घेतली होती. म्हणून खुलासा करण्याचे कामही आमचेच.

त्या दिवशी काय झाले

भाऊबीजेचा दिवस. ऑफिस बंद. हंगाम तोंडावर आलेला, पण मोळी टाकायला अजून अवकाश होता. रात्री नऊच्या सुमारास मेन गेटवरच्या वॉचमनला कॉलनीबाहेर राहणाऱ्या एका साहेबांच्या घरी फोन लावायचा होता. लाईन मिळेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सणाच्या रात्री, सगळे घरी असताना, कारखान्याच्या सगळ्या लाईनी गुंतलेल्या कशा, ही शंका त्यांना आली. त्यांनी टेलिफोन खोलीच्या काचेतून डोकावले तर टेबलावरचे सगळे दिवे लागलेले. खोलीत माणूस नाही आणि सगळ्या लाईनींवर बोलणे चालू!

त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून इलेक्ट्रिक विभागाच्या इंजिनिअरसाहेबांना उठवले. साहेब आले, संगणकावर बघतात तो नंबरांची रांग लागलेली. प्रत्येक नंबराची सुरुवात दोन शून्यांनी, म्हणजे परदेशी. त्यात पुष्कळ नंबर २५२ चे, म्हणजे आफ्रिकेतल्या सोमालिया देशाचे. साहेबांनी मागचा पुढचा विचार न करता बाहेरून येणारी मुख्य केबलच काढून ठेवली. दिवे विझले. दुपारी तीनपासून हा प्रकार चालला होता. सहा तासांत दोन लाखांवर रक्कम झाली. आपल्या कारखान्याचा सोमालियाशी ना उसाचा संबंध, ना साखरेचा.

टेलिफोन कंपनीकडे आपण तक्रार केली, पत्रव्यवहार केला, पोलिसांत अर्जही दिला. कंपनीचे म्हणणे एकच : फोन तुमच्या लाईनीवरून झाले, आमच्या यंत्रात बिघाड नाही, पैसे भरा. ऐकायला कडू लागते, पण जगभर साधारण हाच रिवाज आहे. एक्स्चेंज ज्याचे, त्याची राखण त्याने करायची.

पूर्वी आवाज ओळखणारा माणूस होता

मी कृषी पदविका घेऊन २००३ साली कारखान्यात लागलो तेव्हा बोर्डावर ऑपरेटर काका बसत. बाहेरून फोन आला की "हॅलो" म्हणताच ते समोरच्याला ओळखत. कोणत्या गटाचा ओव्हरसिअर, कोणत्या गावचा सभासद, कोणाला कोणाशी बोलायचे आहे, हे त्यांना सांगावे लागत नसे. एखाद्या अनोळखी माणसाने, "मी अमुक साहेब बोलतोय, जरा मुंबईला जोडून द्या" असे म्हटले असते तर काकांनी आधी त्याचीच उलटतपासणी केली असती. काका हेच आपले कुलूप होते.

आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचा शोध कसा लागला याची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत अल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ होते. प्रेताच्या अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांचा व्यवसाय. गावच्या टेलिफोन ऑपरेटरकडून आपली गिऱ्हाइके दुसऱ्याच दुकानाकडे वळवली जातात असा त्यांना संशय आला. म्हणून मधला ऑपरेटरच नको, असे यंत्र त्यांनी रचले. त्याचे पेटंट त्यांना १८९१ साली मिळाले. यंत्र लबाडी करत नाही हे खरे. पण यंत्र माणूसही ओळखत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. बरोबर आकडे दाबले की सभासद काय आणि चोर काय, त्याला दोघेही सारखेच.

कुलूप चुकीच्या जागी लावले तर काय होते, हे मी लहानपणीच पाहिले होते. आमच्या गावच्या सोसायटीत काळा फोन होता. कुणी फुकट बोलू नये म्हणून सेक्रेटरींनी डायलला छोटे कुलूप लावले. गावातल्या एका पोराने शोधून काढले की डायल फिरवण्याची गरजच नाही. रिसीव्हर ठेवायची जी खटकी असते ती टकटक दाबायची. पाच आकडा हवा तर पाच वेळा, शून्य हवे तर दहा वेळा. नंबर लागत असे! कारण डायल तरी दुसरे काय करत होता, तो लाईन तेवढ्याच वेळा तोडून जोडत होता. कुलूप डायलला होते, लाईनीला नव्हते. दिवाळीत आपले नेमके हेच झाले. ऑफिसला कुलूप होते, लाईनीला नव्हते.

बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर

आता यंत्राची रचना थोडक्यात. कारखान्यात जे एक्स्चेंज आहे त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. आत प्रत्येक टेबलावर एक्स्टेन्शन, आणि बाहेर जायला टेलिफोन कंपनीची एक जाड लाईन. तिला पीआरआय म्हणतात आणि तिच्यावरून एका वेळी ३० बोलणी चालतात. म्हणजे एका केबलीत तीस चाऱ्या आहेत असे समजा.

या यंत्रात एक सोय असते, तिला "डिसा" म्हणतात. बाहेरच्या माणसाने आपल्या मोबाईलवरून कारखान्याचा नंबर लावायचा, स्वागताचा आवाज आला की ठरलेला आकडा दाबायचा, मग गुप्त नंबर द्यायचा. नंबर बरोबर असेल तर एक्स्चेंज त्याला आतल्या माणसासारखे वागवते आणि बाहेरची लाईन देते. तिथून तो हवा तो नंबर लावतो. बोलणाऱ्याच्या फोनवर दिसतो तो कारखान्याचा नंबर, आणि बिलही कारखान्याच्या नावे.

ही सोय आम्ही का मागितली? तोडणी प्रोग्रॅम कळवायला, लागण नोंदीतली तफावत विचारायला गटाचे ओव्हरसिअर आणि चिटबॉय सभासदांना फोन करतात. अनोळखी मोबाईलचा नंबर बघून पुष्कळ सभासद फोन उचलतच नाहीत. हल्लीच्या फसवणुकीच्या काळात त्यात त्यांची चूकही नाही. कारखान्याचा नंबर दिसला की मात्र लगेच उचलतात. शिवाय कुणाला केव्हा कळवले याची नोंद ऑफिसात राहते, त्यामुळे "मला प्रोग्रॅम कळवलाच नाही" हा वाद मिटतो. सोय चांगली होती आणि आजही आहे. चूक सोयीत नव्हती, कुलपात होती.

चोराला यात काय मिळते?

पूर्वी लोक फुकट बोलायला मिळावे म्हणून दुसऱ्याची लाईन चोरत. आजचा धंदा वेगळा आहे. त्या फोनवर कुणी कुणाशी बोलतच नाही.

काही दूरदेशीचे नंबर असे असतात की त्यांच्यावर येणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जो पैसा पडतो त्यातला वाटा नंबर घेणाऱ्याला मिळतो. चोर आधी असे नंबर स्वतः भाड्याने घेतो. मग दुसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये वाट काढून त्या नंबरांवर तासन्‌तास फोन लावून ठेवतो. फोन लावणारे यंत्र, उचलणारेही यंत्र. मिनिटे पडत राहतात. आपली टेलिफोन कंपनी पुढच्या कंपनीला पैसे देते, ती तिच्या पुढच्या कंपनीला, आणि शेवटी वाटा चोराच्या पदरात. आपल्या हातात बिल येते तोवर त्याने दुकान आवरलेले असते.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे समजा. कालव्याचे पाणी तुमच्या नावावर सोडले आहे. रात्री कुणी चारीचे दार फोडले आणि पाणी आपल्या रानात घेतले. पाणी गेले त्याच्याकडे, पाणीपट्टी तुमच्या नावे. साधा चोर चोरलेला ऊस कुठेतरी काट्यावर नेताना सापडतो तरी. इथे काटाही चोराचाच आणि पावतीही त्यानेच फाडलेली.

आणि वेळही तो बरोबर साधतो. शनिवारची रात्र, दिवाळी, सलग सुट्टी, म्हणजे ज्या वेळी ऑफिसात दिवे बघायला कुणी नसते.

ही पाळी मोठ्यामोठ्यांवर आली आहे

आपणच तेवढे बावळट ठरलो असे वाटून घेऊ नये. तीन उदाहरणे देतो.

अमेरिकेत पूर, वादळ अशा संकटात धावून जाणारे फेमा नावाचे सरकारी खाते आहे. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या मेरीलँडमधल्या प्रशिक्षण केंद्राच्या टेलिफोनवरून एका शनिवार-रविवारी ४०० च्या वर परदेशी फोन झाले. अफगाणिस्तान, सौदी अरेबिया, येमेन आणि आपल्या भारतातही ते लागले होते. बिल सुमारे १२,००० डॉलर. कारण काय, तर व्हॉइसमेलची यंत्रणा बदलताना ठेकेदाराकडून एक फट उघडी राहिली होती.

दुसरे उदाहरण त्याच देशातल्या जॉर्जिया राज्यातले. नॉरक्रॉस या गावी एक वास्तुशिल्पकारांचे ऑफिस, माणसे सातच. मार्च २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारी त्यांच्या लाईनीवरून गांबिया, सोमालिया आणि मालदीव इथे फोन झाले. बिल १,६६,००० डॉलर. नेहमीच्या वापराने एवढी रक्कम व्हायला त्यांना चौतीस वर्षे लागली असती.

तिसरे उदाहरण टोळीचे. २००९ साली न्यू जर्सीत एक आरोपपत्र दाखल झाले. फिलिपाईन्समधल्या मंडळींनी निरनिराळ्या देशांतली २,५०० च्या वर एक्स्चेंजेस फोडली होती. त्यांवरून १ कोटी २० लाख मिनिटांचे फोन झाले, किंमत साडेपाच कोटी डॉलर. वाट कशी काढली? एक्स्चेंज बसवताना कारखान्यातून जो गुप्त नंबर येतो तो कुणी बदललाच नव्हता, किंवा सहज ओळखता येईल असा ठेवला होता. फोडलेल्या एका एक्स्चेंजच्या किल्लीला इटलीतले गिऱ्हाईक सुमारे शंभर डॉलर देत असे. आपण निष्काळजीपणे ठेवलेल्या आकड्यांचा बाजारात असा भाव आहे.

आमचे कुठे चुकले

आता आमच्या चुका. लपवण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्या संस्थांनाही त्यातून शिकता येईल.

१) गुप्त नंबर चार आकडी होता आणि तो म्हणजे कारखान्याच्या स्थापनेचे साल. लक्षात राहायला सोपा म्हणून मीच सुचवला होता. हे साल मेन गेटच्या कमानीवर हातभर अक्षरांत लिहिलेले आहे, साखरेच्या पोत्यावर नाही एवढेच. चोराचे यंत्र प्रयत्नाला लागले की १२३४, ०००० आणि सालांचे आकडे सर्वांत आधी लावून बघते.

२) सर्वांना मिळून एकच नंबर होता. गट ऑफिसात तो भिंतीवर चिकटवला होता आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकला होता. नोकरी सोडून गेलेल्या माणसांनाही तो ठाऊक होता. त्यांच्यावर माझा संशय नाही, पण घराची किल्ली पन्नास जणांकडे असली तर ती किल्ली राहत नाही.

३) काही वर्षांपूर्वी निर्यातीच्या कामापुरती आयएसडी सुरू करून घेतली होती. काम संपले, पण सोय बंद करायचा अर्ज कुणी दिला नाही. आयएसडी बंद असती तर चोराला गुप्त नंबर मिळूनही हात हलवत जावे लागले असते.

४) एक्स्चेंजमध्ये प्रत्येक प्रयत्नाची नोंद होते. नंतर ती नोंद काढून बघितली तर आधीच्या पाच रात्री चुकीच्या नंबरांचे प्रयत्न ओळीने दिसत होते. खोडकिडीचे पहिले पोंगे वाळलेले दिसावेत आणि आपण प्लॉटवर फिरकूच नये, तसे झाले. नोंद होती, वाचणारा नव्हता.

५) एक्स्चेंज बसवणाऱ्या ठेकेदाराला दुरुस्तीसाठी बाहेरून आत येण्याचा स्वतंत्र मार्ग दिलेला होता. तो कायम उघडा होता आणि त्याचा मूळ पासवर्डही बदललेला नव्हता. चोर या वाटेने आला नाही, पण आला असता तर त्याला सगळे एक्स्चेंजच हातात मिळाले असते.

आकडे किती असावेत?

चार आकडी नंबर म्हणजे एकूण दहा हजार शक्यता. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरा. एका लाईनीवरून सगळे नंबर तपासायला सुमारे २८ तास लागतील. तीसही मार्गांवरून एकदम प्रयत्न केला तर तासाच्या आत काम होते. सहा आकडी नंबर ठेवला तर दहा लाख शक्यता, आणि तीस मार्गांवरून सुमारे चार दिवस. म्हणजे नुसते आकडे वाढवून भागत नाही. खरे कुलूप असे की तीन वेळा चुकले की ती वाट बंद झाली पाहिजे, आणि ऑफिसातल्या माणसाने उघडल्याशिवाय ती उघडता कामा नये. मग चोराला दहा लाख प्रयत्न मिळत नाहीत, तीनच मिळतात.

आता काय व्यवस्था केली आहे

संचालक मंडळाच्या बैठकीत या विषयावर दोन मते होती. काही संचालकांचे म्हणणे, सोय कायमची बंद करा. माझेही मन एकदा तसेच झाले होते. पण पहिल्या पंधरवड्यातच गटावरून तक्रारी आल्या की सभासद फोन उचलत नाहीत, गाड्या शेतावर जाऊन उभ्या राहतात. चोरी झाली म्हणून कुणी चारी बुजवत नाही, दार नीट बसवतो. तेव्हा पुढील बंदोबस्त करून सोय पुन्हा सुरू केली आहे.

आयएसडी टेलिफोन कंपनीकडे लेखी अर्ज देऊन कंपनीच्याच एक्स्चेंजवर बंद करून घेतली आहे. हे महत्त्वाचे. आपल्या यंत्रात बंद केलेली गोष्ट आपले यंत्र फोडणारा माणूस चालू करू शकतो. कंपनीकडे बंद केलेली त्याच्या हातात नाही.

प्रत्येक ओव्हरसिअरला स्वतंत्र आठ आकडी नंबर दिला आहे. तो जन्मसाल, मोबाईलचे शेवटचे आकडे किंवा एक्स्टेन्शन यांतला नसतो. बदली झाली, नोकरी सोडली, की त्याच दिवशी नंबर रद्द. टाईम ऑफिसच्या ना-हरकत दाखल्यावर आता तसा एक रकानाच घातला आहे. चिटबॉयना नंबर दिलेला नाही, ते ओव्हरसिअरमार्फत कळवतात.

तीन चुकांनंतर वाट बंद होते. फक्त नोंदवलेल्या मोबाईलवरूनच फोन घेतला जातो. पण मोबाईलचा नंबर खोटा दाखवता येतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबलेलो नाही, गुप्त नंबरही लागतोच.

ही सोय सकाळी सहा ते रात्री नऊ एवढीच चालते. तीस मार्गांपैकी दोनच मार्ग तिच्यासाठी ठेवले आहेत. म्हणजे उद्या सगळी कुलपे तुटली तरी नुकसान दोन चाऱ्यांचेच होईल. बोलणे वीस मिनिटांच्या वर गेले की आपोआप तुटते.

कुणाच्या व्हॉइसमेलवरून किंवा एक्स्टेन्शनवरून बाहेरच्या नंबरावर फोन वळवण्याची सोय बंद केली आहे. ही दुसरी चोरवाट असते. कुणाच्या पेटीचा नंबर ओळखायचा आणि त्या पेटीतून फोन परदेशी वळवायचा.

ठेकेदाराचा मार्ग एरवी बंद असतो. दुरुस्तीची वेळ ठरली की आपला माणूस तो उघडतो, काम संपले की बंद करतो आणि रजिस्टरवर सही करतो. एक्स्चेंजचे काही भाग आता इंटरनेटवरूनही चालवता येतात. जे यंत्र इंटरनेटवर उघडे असते त्याचे दार दिवसरात्र कुठून ना कुठून ठोठावले जाते, माणसे नव्हे तर यंत्रेच ठोठावतात. म्हणून ती बाजू ठरावीक संगणकांपुरतीच ठेवली आहे.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत मोठे. रोज सकाळी मागच्या चोवीस तासांच्या फोनची यादी छापून टेलिफोन लिपिकाच्या टेबलावर येते, सुट्टीच्या दिवशी ती गेटवर जाते. चुकीचे प्रयत्न, अपरात्रीचे फोन, दोन शून्यांचे नंबर यांवर तांबड्या पेनाने खूण करून इंजिनिअरसाहेबांना दाखवायची. संशय आला तर कोणती केबल काढायची ते गेटवर लिहून लावले आहे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

एक साधा हिशेब

वॉचमनने दिवे बघितले नसते तर काय झाले असते? उदाहरणापुरते मिनिटाला ६० रुपये धरू. तीस मार्ग, तासाला साठ मिनिटे, म्हणजे तासाला १,०८,००० रुपये. शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत ३६ तास. रक्कम होते ३८,८८,००० रुपये. टनाला ३,००० रुपये हातात पडतात असे धरले तर हा १,२९६ टन उसाचा पैसा झाला. एकरी चाळीस टनांनी तो बत्तीस एकरांचा ऊस होतो. कुणाची तरी बत्तीस एकरांची वर्षभराची मेहनत, टेलिफोनच्या तारेतून दीड दिवसात. म्हणून म्हणतो, हा विषय केवळ इलेक्ट्रिक विभागाचा नाही.

सभासदांनी काय करावे

एक्स्चेंजची राखण आमच्याकडे. पण तोच चोर आपल्या खिशातल्या फोनवरही येतो. तेव्हा एवढे पाळावे.

एक घंटी वाजून तुटलेला परदेशी नंबर दिसला, म्हणजे ज्याच्या आधी अधिक चिन्ह असून पुढे ९१ नाही असा, तर उलट फोन करू नये. तो वर सांगितल्यापैकीच पैसे खाणारा नंबर असू शकतो. जपानमध्ये या युक्तीला "वनगिरी" म्हणतात. एक वाजवून तोडणे असा त्याचा अर्थ. आपली मुले, जावई परदेशी असतील तर त्यांचा नंबर नावासह साठवून ठेवावा.

फोनवर कुणी चांदणी आणि चारशे एकपासून सुरू होणारा नंबर दाबायला सांगितला तर दाबू नये. त्याने आपले येणारे फोन दुसऱ्याकडे वळवण्याची ही युक्ती होती. अशा प्रकारांमुळेच १५ एप्रिल २०२४ पासून ही सोय स्थगित करण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला. तरी नव्या युक्त्या निघतच राहतात, म्हणून सांगितले.

ऊसबिल जमा करायचे आहे, खाते तपासायचे आहे, असे सांगून कुणी मोबाईलमध्ये ॲप घ्यायला लावले, ज्यामुळे त्याला दुरून आपला पडदा दिसतो, तर साफ नकार द्यावा. डिसाची किल्ली बाहेरच्याच्या हाती देण्यासारखेच ते आहे. कारखान्याचा माणूस कधीही ओटीपी, पिन किंवा असले ॲप मागत नाही. कारखान्याचा नंबर पडद्यावर दिसला म्हणूनही विश्वास ठेवू नये. शंका आली तर फोन ठेवावा आणि गट ऑफिसला स्वतः फोन लावून विचारावे. आमच्या माणसाला राग येणार नाही, तशी सक्त सूचना आहे.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला असेल तर संचार साथी पोर्टलवर "चक्षू" या सदरात कळवता येते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

शेवटी

मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात मा. चेअरमनसाहेबांच्या हस्ते आपल्या वॉचमनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मी काही केलं नाही, मला फक्त बरं वाटलं नाही." मला त्यांचे ते बोलणे फार पटले. काकांच्या वेळी आवाज ओळखणारा माणूस होता. आता यंत्र आले. यंत्राने काम केले तरी बघायला माणूस लागतोच. दोन लाख गेले ते परत येणार नाहीत. माझ्या सुचवलेल्या चार आकड्यांपायी ते गेले, याची बोच मला आहे. ज्येष्ठ सभासदांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वर दिले आहे. त्यातून कुणाला आणखी काही विचारायचे असेल तर दर बुधवारी सकाळी मी शेतकी ऑफिसात असतो. जरूर यावे.

पुढील अंकात पूर्वहंगामी लागणीसाठी बेणे निवड या नेहमीच्या विषयाकडे वळू.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते